शॉवर डायव्हर्टर आणि त्याची घरच्या घरी दुरुस्ती

शॉवर डायव्हर्टर म्हणजे बाथरूमच्या मिक्सरमधला तो भाग जो गरम-गार मिसळून आलेलं पाणी खालच्या नळाला सोडायचं की वर शॉवरला चढवायचं हे ठरवतो. रेल्वेचा सांधा कसा गाडी कुठल्या रुळावर जाणार एवढंच बघतो, गाडी थांबवत नाही, तसंच ह्याचं आहे. पाणी बंद करणं हे त्याचं कामच नाही, ते काम कॉकचं किंवा मिक्सरच्या मेन कार्ट्रिजचं (आतला, पाणी सोडणारा-अडवणारा, काढून बदलता येणारा भाग). एवढं डोक्यात बसलं की अर्धी दुरुस्ती झालीच म्हणायची, कारण सगळं घट्ट बंद करूनही शॉवर रात्रभर टपकतोय म्हणून लोक नवा डायव्हर्टर आणून बसवतात आणि टपटप तशीच चालू राहते.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये साधारण तीन प्रकार दिसतात. जुन्या सोसायट्यांमध्ये भिंतीवर वॉल मिक्सर असतो, दोन बाजूंना गरम आणि गारचे कॉक आणि मधे फिरवायचा नॉब. दुसरा बटणवाला स्पाउट, म्हणजे खालच्या नळाची तोटी, वरचं छोटं बटण ओढलं की आतली झडप नळाचं तोंड अडवते आणि पाणी शॉवरकडे जातं. तिसरा, गेल्या काही वर्षांत नव्या बांधकामात सर्रास दिसणारा, म्हणजे कन्सील्ड सिंगल लिव्हर डायव्हर्टर, ह्यात पितळी बॉडी भिंतीत गाडलेली असते आणि बाहेर फक्त गोल फ्लँज (भिंतीला टेकलेली झाकणाची चकती), लिव्हर आणि बटण. आपल्याकडे आधी बादली भरायची मग शॉवर, मागून येणाऱ्याला परत बादली, असं दिवसभर चालतं त्यामुळे ह्या भागाची झीज भरपूर होते.

बटणवाल्या स्पाउटची एक तक्रार हमखास असते, बटण वर राहतच नाही, हात काढला की खाली पडतं. बऱ्याचदा ह्यात बिघाड काहीच नसतो! झडप वर धरून ठेवायला पाण्याचाच दाब लागतो आणि गच्चीवरच्या टाकीपासून दर 10 मीटर खाली आलं की साधारण 1 बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकीची पातळी आणि शॉवर ह्यांत जेमतेम 3 मीटरचा फरक असेल तर दाब 0.3 बार, तेवढ्यावर बटण टिकणं अवघडच. तिथे स्पाउट बदलत बसण्यापेक्षा नॉबवाला डायव्हर्टर घ्यावा किंवा सोसायटीने वरच्या मजल्यांसाठी प्रेशर पंप बसवावा. तेच बटण त्याच बिल्डिंगमध्ये चार-पाच मजले खाली मस्त टिकतं.

बिघाडाचं दुसरं कारण पाणी. महापालिकेचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ह्या धरणांचं, ते तसं मऊ. पण वाघोली, उंड्री, पिसोळी अशा भागांत बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, आणि बेसॉल्ट खडकातलं बोअरचं पाणी जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. हे पाणी गीझरमध्ये तापलं की क्षार सुटतात आणि कार्ट्रिजवर पांढरा खरखरीत थर बसतो, मग नॉब जड होतो, कोणीतरी जोर लावतं आणि स्पिंडल (नॉबची आतली दांडी) तुटतो किंवा ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) कापली जाते.

दोष कुठे आहे हे उघडायच्या आधीच कळतं. शॉवर चालू असताना खालच्या नळातून बारीक धार येत असेल तर डायव्हर्टरचा वॉशर गेलाय. बादली भरताना वरून शॉवर टपकत असेल तरी तेच. शॉवर बंद केल्यावर थोडा वेळ टपकणं हा दोष नाही, ते पाइपात अडकलेलं पाणी असतं. पण तासन्तास टपकत असेल तर नॉब फिरवून बघा, टपटप शॉवर सोडून नळाला आली तर डायव्हर्टर अगदी ठणठणीत आहे, गेलंय ते मागचं कार्ट्रिज किंवा कॉकचा वॉशर.

आता प्रत्यक्ष काम. बाथरूमचे गरम-गार दोन्ही स्टॉप कॉक बंद करा, आणि ते नसतील तर गच्चीवरून त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, एकाच डाउनटेकवर (टाकीतून खाली येणाऱ्या पाइपावर) वरपासून खालपर्यंतची सगळी बाथरूम असतात म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. गीझर बंद. नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि न्हाणी ट्रॅपच्या जाळीवर जुनं फडकं टाका, इथला स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, आत गेला की गेला. लाल-निळी टिकली नखाने उचकटली की खाली तो स्क्रू दिसतो, ॲलन कीने सैल करून लिव्हर ओढा, फ्लँज काढा, मग नट पान्ह्याने डावीकडे फिरवा की कार्ट्रिज बाहेर येतं. वॉल मिक्सरमध्ये ह्याच पद्धतीने मधला स्पिंडल निघतो. नुसता क्षार असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात तासभर बुडवून ठेवा, टाइल्स धुवायचं ॲसिड अजिबात नको, ते क्रोम खातं. रबर चिरलं असेल तर नवीन ओ-रिंग, आणि तिला सिलिकॉन ग्रीसच लावा, काही रबरं पेट्रोलियम जेलीने फुगतात. कार्ट्रिजच बदलायचं असेल तर जुना पीस सोबत घेऊन दुकानात जा, बोहरी आळीत किंवा जवळच्या सॅनिटरीवाल्याकडे, कारण 35 आणि 40 मिलिमीटर असे आकार असतात आणि आकार जुळला तरी खालची भोकं कंपनीनुसार वेगळी, त्यामुळे फोटो दाखवून आणलेलं कार्ट्रिज बसेलच असं नाही.

कन्सील्ड बघितलं की काही प्लंबर लगेच टाइल्स फोडायची भाषा करतात, पण कार्ट्रिज पुढूनच निघतं, फोडाफोड लागते ती पितळी बॉडी चिरली असेल किंवा मागचा जॉइंट गळत असेल तरच. भिंतीपलीकडच्या खोलीत ओल आली असेल तर मात्र घरी खटपट करू नका, ते काम जाणत्या माणसाचंच. एरवी सगळं परत बसवलं की स्टॉप कॉक सावकाश उघडा, आणि फ्लँज लावायच्या आधी पाच मिनिटं शॉवर चालू ठेवून नटाच्या कडेला कोरडा टिश्यू फिरवून बघा, ओला झाला तर नट आणखी जरासा आवळायचा, फार जोर न लावता.