४० पट झूमचा खिशातला कॅमेरा: घेण्याआधी हे वाचा

कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस. बॅटरी आणि कार्ड धरून वजन सुमारे ३०० ग्रॅम, जाडी ४ सेंटिमीटर. आमच्या दुकानात पहिला प्रश्न मेगापिक्सलचा येतो, म्हणून आधी तेच सांगतो: २०.३. पण पैसे मोजायचे ते याच्या लेन्ससाठी.

लेन्स २४ ते ९६० मिमीची आहे (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने). २४ वर नागपूरच्या महाल भागातल्या अरुंद गल्लीत उभं राहूनही मिरवणुकीतली पिवळी मारबत (मोठा पुतळा) पूर्ण फ्रेममध्ये घेता येते. ९६० वर अंबाझरी तलावाच्या काठावरून दूर बसलेला पाणकावळा टिपता येतो. हे ४० पट झूम ऑप्टिकल आहे, म्हणजे काचा पुढेमागे सरकून चित्र खरोखर मोठं होतं. जाहिरातीत १६० पट दिसलं, तर त्यात ४ पट डिजिटल झूम धरलेलं असतं. ते फोटोचा मधला तुकडा कापून ताणतं. आम्ही तर ते मेनूतून बंदच करून देतो.

लांबच्या झूमवर पक्षी हमखास फ्रेमबाहेर जातो आणि मग सापडत नाही. त्यासाठी यात एक बटण आहे. दाबून धरलं की लेन्स मागे येते, आजूबाजूचं सगळं दिसतं आणि मध्ये चौकट उमटते. पक्षी चौकटीत आणून बोट उचललं की लेन्स पुन्हा जुन्या झूमवर जाते. दुकानात हे बटण स्वतः दाबून बघाच.

आता उणी बाजू. चित्र टिपणारा सेन्सर १/२.३ इंचाचा, म्हणजे जेमतेम ६ मिमी रुंद. लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र २४ मिमीवर एफ/३.३ असतं, ९६० वर एफ/६.९ (हा आकडा वाढला की प्रकाश घटतो). पूर्ण झूमला प्रकाश पाव हिश्श्याहूनही कमी मिळतो. भर उन्हात काही अडत नाही, पण पेंचच्या जंगलात संध्याकाळच्या फेरीत उजेड उतरला की वाघाच्या अंगावरचे केस मऊ, पुसट येतील. असे फोटो हवे असतील तर हा कॅमेरा घेऊ नका, आम्ही दुसरे दाखवू. रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) आणि व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) यात नाही. सेल्फीसाठी ३ इंची स्क्रीन वर उलटते, ब्लूटूथ-वायफाय आहे, व्हिडिओ ४के. व्हिडिओसाठी यू३ खूण असलेलं (वेगवान) कार्डच लावा.

एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीनुसार २६५ फोटो निघतात. सफारीला जाणाऱ्यांनी दुसरी बॅटरी घ्यावीच.

नागपूरकरांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. असे कॅमेरे साधारण ४० अंशांपर्यंत वापरायला बनवलेले असतात, आणि आपला मे महिना ४५ पार जातो. बंद गाडीत डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नका. दुसरी गोष्ट धुळीची. झूमची नळी आतबाहेर होताना हवा ओढते, हवेबरोबर धूळही. याची लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सरवर गेलेला कण काढायला कॅमेरा उघडावा लागतो. सफारीची जिप्सी चालू असताना कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी असू द्या, नाहीतर काचेवर बुरशी धरते.

येताना स्वतःचं मेमरी कार्ड आणा. दुकानाच्या दारातून समोरच्या पाटीचा फोटो पूर्ण झूमवर काढा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच ठरवा.