मिरचीची घरगुती लागवड

गोड (ढोबळी किंवा भोपळी) आणि तिखट मिरच्यांचे निरनिराळे वाण परसात, गच्चीवर अथवा कुंड्यांमध्ये घरच्या वापरापुरते वाढवण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. मिरची ही सोलॅनेसी कुलातील म्हणजे टोमॅटो, वांगे व बटाटा यांच्या कुलातील वनस्पती असून तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव कॅप्सिकम असे आहे. हे नाव ‘गिळणे’ वा ‘चावणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आले, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ते ‘पेटी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असावे. फळाची पोकळ, बिया बाळगणारी रचना पाहता दुसरी व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक वाटते, पण वाद मिटलेला नाही. मराठीतील ‘मिरची’ हा शब्द मात्र मिरीशी नाते सांगतो. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील तिखट फळांना युरोपीय भाषांत जो मिरीवाचक शब्द चिकटला, त्यामागे ही फळे मिरीचाच प्रकार असावीत, असा समज होता. वास्तविक मिरीचा वेल पायपरेसी या सर्वस्वी वेगळ्या कुलातील आहे.

उगम व जाती : मिरचीचे मूलस्थान अमेरिका खंड होय, याबद्दल दुमत नाही, कोणत्या जातीची लागवड कोठे व केव्हा सुरू झाली, याबद्दल आहे. इक्वेडोरच्या नैर्ऋत्य भागातील पुरातत्त्वीय स्थळांवर दळण्याच्या दगडांवर व भांड्यांवर मिरचीच्या स्टार्चचे सूक्ष्म कण मिळाले असून ते सु. ६,१०० वर्षांपूर्वीचे असावेत, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. सर्वांत जास्त पिकवल्या जाणाऱ्या कॅ. (कॅप्सिकम) ॲन्युअम या जातीसाठी मेक्सिकोतील निरनिराळे प्रदेश सुचवले गेले आहेत. आनुवंशिकी, पुरातत्त्व, भाषाशास्त्र व हवामान यांचा एकत्रित विचार करून २०१४ मध्ये मध्य-पूर्व मेक्सिकोकडे बोट दाखवण्यात आले. एकाच प्रकारच्या पुराव्यावर विसंबलेल्या आधीच्या मतांपेक्षा हे मत ग्राह्य धरणे सध्या योग्य ठरते.

रानटी व लागवडीखालील मिळून ४३ जाती २०२२ च्या एका विस्तृत वर्गीकरणात मान्य करण्यात आल्या असून त्यांपैकी पाचच जाती माणसाने लागवडीखाली आणल्या. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये कॅ. ॲन्युअम व कॅ. फ्रूटेसेन्स ही नावे दिली. यांतील ‘ॲन्युअम’ म्हणजे वर्षायू (एकच वर्ष जगणारी). प्रत्यक्षात हिमतुषार न पडणाऱ्या जागी ही झुडपे काही वर्षे जगतात व फळेही धरतात. वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक्विन यांनी १७७६ मध्ये तिसऱ्या जातीस ‘चायनेन्स’ म्हणजे चिनी असे नाव दिले, तेही चुकीचेच, कारण ती दक्षिण अमेरिकेतील आहे. नामकरणाच्या नियमांमुळे दोन्ही नावे टिकून आहेत. ॲन्युअम, फ्रूटेसेन्स व चायनेन्स या तिघी खरोखर स्वतंत्र जाती आहेत की एकाच व्यापक समूहाच्या शाखा आहेत, हा प्रश्न अनेकदा उपस्थित केला जातो. घरी लागवड करणाऱ्याला त्या वेगळ्या समजणेच सोयीचे पडते, कारण त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत.

जात ओळखण्यासाठी फळापेक्षा फूल अधिक भरवशाचे असते. ॲन्युअममध्ये प्रत्येक पेरावर सामान्यतः एकच पांढरे फूल येते. ढोबळी, हालापेन्यो, केयेन, पाद्रोन व शिशितो हे वाण याच जातीचे. फ्रूटेसेन्सची फुले हिरवट पांढरी असून तिची लहान फळे बहुधा आभाळाकडे तोंड करून उभी राहतात. टबॅस्को हा तिचा प्रसिद्ध वाण. चायनेन्समध्ये एका पेरावर दोन किंवा अधिक फुले येतात आणि देठ व संवर्त (फुलाखालचे हिरवे आवरण) यांच्या सांध्यावर आवळल्यासारखी एक कडा दिसते. हाबानेरो या गटात मोडतो. कॅ. बॅकेटमच्या पाकळ्यांच्या तळाशी पिवळट हिरवे ठिपके असतात. कॅ. प्यूबेसेन्स जांभळी फुले, लवदार पाने व काळ्या बिया यांमुळे चटकन ओळखू येते. ती अँडीज पर्वतातील थंड उंचवट्यांवरची असल्याने उष्ण हवेत फळ धरत नाही. फळाच्या आकारावरून जात ठरवण्याची प्रथा फसवी आहे. लांब, गोल, सुरकुतलेली अशी सर्व रूपे एकाच जातीत सापडतात.

तिखटपणा व परागण : मिरचीचा तिखटपणा कॅप्साइसीन व त्याच्या निकटच्या संयुगांमुळे असतो. ही संयुगे बियांत तयार होत नाहीत. पक्व तिखट मिरची उभी चिरून पाहिल्यास बिया ज्या फिकट, स्पंजासारख्या भागाला चिकटलेल्या असतात, त्यावर व त्यापासून निघालेल्या शिरांवर पिवळसर थेंबांसारखे फुगवटे दिसतात. कॅप्साइसीनची निर्मिती या भागाच्या म्हणजे बीजकाधानीच्या पृष्ठपेशींत होते. बिया तिखट लागतात त्या केवळ याच्या संसर्गाने. तिखटपणा मोजण्याची अमेरिकन औषधशास्त्रज्ञ स्कोव्हिल यांची १९१२ ची पद्धत साखरेच्या पाण्यात अर्क विरल करत चव घेणाऱ्यांच्या जिभेवर अवलंबून होती. आता रासायनिक विश्लेषण करून आकडा स्कोव्हिल यांच्याच एककात मांडतात. ढोबळीचा आकडा शून्य, हालापेन्योचा सु. २,५०० ते ८,००० आणि हाबानेरोचा सु. १,००,००० ते ३,५०,००० धरला जातो. हे आकडे वाणाचे असतात, एकेका फळाचे नव्हेत. पाद्रोन व शिशितो यांच्या सौम्य फळांत मधूनच एखादे झणझणीत निघते.

ढोबळीशेजारी तिखट मिरची लावल्यास ढोबळीची फळे तिखट होतात, हा समज सर्वत्र आढळतो व अनेक हस्तपुस्तिकांतही तो उतरला आहे. तो ज्या स्वरूपात सांगितला जातो त्या स्वरूपात स्वीकारता येत नाही. फळाची भिंत व बीजकाधानी हे दोन्ही भाग मातृवृक्षाच्या ऊतकाचे असतात. परक्या परागाचा वाटा फक्त बियांतील गर्भात व त्याच्या पोषक ऊतकात असतो. त्यामुळे त्या हंगामातील फळ गोडच राहते. मात्र त्याच फळाचे बी धरून पुढील वर्षी लावले, तर रोपे संकरित निघू शकतात. तिखटपणासाठी आवश्यक असलेले पन-१ हे जनुक प्रभावी असल्याने अशा संकराची फळे तिखट होतात. बी कोठून आले हे विसरले गेले की दोष शेजारच्या कुंडीवर येतो, आणि समज पक्का होण्याचे कारण बहुधा हेच असावे. ढोबळीच्या तळाशी तीन उंचवटे असल्यास फळ ‘नर’ व चार असल्यास ‘मादी’ ही समजूत तर निराधार आहे. उंचवटे हे फळातील कप्प्यांच्या संख्येशी निगडित असून प्रत्येक फूल द्विलिंगी असते.

मिरचीचे फूल स्वपरागित होऊ शकते, पण मधमाश्या वावरत असल्यास परपरागणाचे प्रमाण काही टक्क्यांपासून सु. ९० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. बी राखायचे असल्यास न उमललेल्या कळ्यांवर पातळ कापडाची पिशवी बांधून, फूल उमलल्यावर फांदी हलकेच टिचकावून पराग झाडतात व धरलेल्या फळाच्या देठाला दोरा बांधून खूण करतात. प्यूबेसेन्सचा इतर चार जातींशी सहसा संकर होत नाही.

लागवड : बी अर्धा ते एक सेंमी. खोल पेरतात. माध्यमाचे तापमान २५° ते ३०° से. असल्यास ॲन्युअमचे बी ७ ते १४ दिवसांत रुजते. चायनेन्सला तीन-चार आठवडेही लागतात, म्हणून पेरलेला ट्रे लवकर रिकामा करू नये. माती सतत चिंब राहिल्यास कोवळी रोपे बुंध्यापाशी सडून कोलमडतात. सहा ते आठ आठवड्यांची रोपे १० ते १५ लिटरच्या, तळाला भोके असलेल्या कुंडीत लावतात. बुटके शोभेचे वाण निम्म्या आकारातही फळतात. दिवसाचे किमान सहा तास ऊन लागते. नत्रयुक्त खत जास्त झाल्यास पाने दाट येतात आणि फुले कमी. पहिल्या बेचक्यातील कळी खुडल्यास ढोबळीचे झाड आधी जोम धरते, असा अनुभव सांगितला जातो.

रात्रीचे तापमान १५° से. खाली गेल्यास किंवा दिवसाचे ३५° से. वर गेल्यास फुले गळतात. हवा बदलली की झाड पुन्हा धरते. पाणी अनियमित दिल्यास ढोबळीच्या टोकाला तपकिरी, बसका डाग पडतो. त्याचे कारण फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचणे हे असून मातीत कॅल्शियम पुरेसे असतानाही तो दिसतो. हालापेन्योवरील बारीक तपकिरी रेषा मात्र रोग नव्हेत. फळ झपाट्याने वाढताना साल भेगाळून त्या उमटतात.

पाने आकसण्याच्या विकृतीस चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात आणि तिची कारणे एकाहून अधिक आहेत. पानांच्या कडा होडीसारख्या वर वळल्यास फुलकिडे, खाली वळल्यास कोळी ही सूक्ष्म कीड असल्याचा संशय घ्यावा. फूल पांढऱ्या कागदावर झटकल्यास फुलकिडे बारीक पिवळट रेघांसारखे पळताना दिसतात. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे आलेला बोकड्या बरा होत नाही. असे झाड काढून टाकतात. तंबाखू हाताळलेल्या हातांनी काही विषाणू मिरचीवर जाऊ शकतात, म्हणून रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची शिफारस केली जाते.

काढणी : जवळजवळ सर्व वाणांची हिरवी फळे ही अपक्व अवस्था होय. पिकताना हरितद्रव्य नाहीसे होऊन लाल, पिवळे वा नारिंगी कॅरोटिनॉइड रंग तयार होतात. हरितद्रव्य टिकून त्यावर लाल चढल्यास फळ चॉकलेटी दिसते. पिकलेल्या फळात क जीवनसत्त्व अधिक असते. हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ड्यॉर्डी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी हंगेरीत या जीवनसत्त्वाचा मोठा साठा लाल पॅप्रिका मिरचीपासूनच मिळवला. देठ ओढून तोडल्यास ठिसूळ फांदी मोडते, म्हणून कात्री वापरतात. बियांसाठी फळ झाडावर पूर्ण रंगू देतात, बी सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या बरणीत थंड जागी ठेवतात आणि तिखट वाणांचे बी काढताना हातमोजे घालतात, कारण कॅप्साइसीन पाण्याने सहज धुतले जात नाही.