हे पॅकेज कोणी मागितलं होतं?

जुन्या घराच्या माळ्यावर चढलं की प्रश्न पडतोच : ही वस्तू इथं कोणी ठेवली आणि कशासाठी? टाकून द्यायला हात धजत नाही. अनेक वर्षं चाललेला सर्व्हर दुसऱ्याकडून आपल्या हाती येतो तेव्हा अगदी असंच होतं. त्यावर डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स सिस्टिम असेल तर डीपीकेजी हे साधन बसवलेल्या शेकडो पॅकेजेसची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांची, यादी क्षणात काढून देतं. नाव, आवृत्ती, कुठली फाइल कुठं, सगळं त्यात सापडतं. त्यातलं कोणतं पॅकेज माणसानं मुद्दाम घातलं आणि कोणतं दुसऱ्या कुणाच्या पाठोपाठ आलं, हे मात्र त्या यादीवरून कळत नाही.

पाठोपाठ येणारी फार असतात. आपण एपीटीला, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणाऱ्या साधनाला, फक्त मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर मागतो. एपीटी त्याला लागणारी पॅकेजेस शोधतं, मग त्या पॅकेजेसना लागणारी, आणि डेटाबेसबरोबर पर्ल भाषेच्या लायब्ररीही येऊन बसतात. पुढं डेटाबेस काढून टाकला तरी त्या तिथंच राहतात.

त्या नुसत्या पाठोपाठ आल्या होत्या, हे एपीटी लक्षात ठेवतं. 'एक्स्टेंडेड स्टेट्स' नावाच्या एका साध्या फाइलीत पॅकेजच्या नावाखाली 'ऑटो-इन्स्टॉल्ड : १' अशी ओळ असते. मला या रचनेत सगळ्यात आवडतं ते हे, की नोंद आपोआप आलेल्याची होते, मागितलेल्याची नाही. खूण नसलेलं प्रत्येक पॅकेज माणसाला हवं होतं असंच एपीटी धरून चालतं. 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस काढते ती याच खुणेच्या भरवशावर. त्यामुळे खूण राहून गेली, तर फार तर एखादं नको असलेलं पॅकेज डिस्कवर पडून राहील. नोंद उलटी ठेवली असती तर त्याच चुकीत हवं असलेलं पॅकेज गेलं असतं. हा विचार ज्यांनी केला त्यांनी चालते सर्व्हर जवळून पाहिलेले असणार.

याची किंमत आपण यादी वाचताना मोजतो. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ही आज्ञा खूण नसलेली सगळी पॅकेजेस दाखवते, आणि त्यात आपण कधीच न मागितलेली बरीच नावं निघतात. ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना पाया म्हणून आलेल्या अनेक पॅकेजेसवरही खूण नसते. यावर मला पटलेला उपाय वजाबाकीचा आहे. त्याच आवृत्तीची कोरी सिस्टिम एका आभासी यंत्रावर बसवायची, तिथं हीच आज्ञा चालवायची आणि ती नावं आपल्या यादीतून वगळायची. उरतं ते बहुतेक माणसांचं काम.

त्यामागची गोष्ट हवी असेल तर एपीटीचा 'हिस्टरी लॉग' उघडावा. कोणत्या तारखेला नेमकी कोणती आज्ञा दिली, ती सुडो वापरून, म्हणजे प्रशासकाचे अधिकार तात्पुरते घेऊन, दिली असेल तर कोणत्या वापरकर्त्यानं, हे तिथं लिहिलेलं असतं. पाठोपाठ आलेल्या प्रत्येक नावापुढे 'ऑटोमॅटिक' असा शब्दही असतो. पण हा लॉग दर महिन्याला बदलतो आणि सहसा मागच्या १२ फाइलीच ठेवल्या जातात, म्हणून पाच वर्षांपूर्वीचं उत्तर त्यात मिळत नाही.

आर्च लिनक्सवर मागितलेल्या पॅकेजेसची यादी 'पॅकमन -क्यूई' ही आज्ञा देते. फेडोरातही डीएनएफ अशी यादी देतं.

खरी काळजी वाटते ती यांपैकी कुठल्याच यादीत नसलेल्या सॉफ्टवेअरची. कुणी सोर्स कोड आणून 'मेक इन्स्टॉल' या आज्ञेनं थेट बसवलेलं असतं, कुणी पिप या पायथन भाषेच्या साधनानं काही घातलेलं असतं. एपीटीला त्याचा पत्ताच नसतो, त्यामुळे सुरक्षेचे अपडेटही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून 'यूएसआर लोकल' आणि 'ऑप्ट' हे दोन फोल्डर हातानं धुंडाळावेत. संशय आलेल्या फाइलीचा मार्ग 'डीपीकेजी -एस'ला (एस कॅपिटल) द्यावा. ती कोणत्याच पॅकेजची नाही असं उत्तर आलं, तर फाइलीची तारीख आणि मालक टिपून घ्यावा आणि त्या काळात सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावावा.