ओरखडा बुजत नसतो

माझे मामा १९८१ साली मस्कतहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या मनगटावर स्टीलचं ओमेगा घड्याळ होतं. ते वारल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं. तीस-पस्तीस वर्षांचे ओरखडे अंगावर होते, म्हणून मी ते एका दुकानात झिलईला दिलं. चार दिवसांनी आरशासारखं चमकत परत आलं. मामीने हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे त्यांचं वाटत नाही." केसच्या बगलेवरून पट्टा अडकतो त्या पायांपर्यंत एक धारदार कड जायची. ती वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती.

तेव्हापासून झिलई म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घेण्याचा मला नादच लागला. महागडं घड्याळ घरी चमकवायला बसणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण गेलेली कड परत येत नाही.

सुरुवात ओरखड्यापासून करू. बहुतेक चांगल्या घड्याळांची केस ३१६एल जातीच्या स्टीलची असते. लोखंडात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. रोलेक्स ९०४एल हे आणखी गंजरोधक स्टील वापरते. ही दोन्ही स्टील गंजाला दाद देत नाहीत, पण कडकपणात ती मवाळच. विकर्स मोजपट्टीवर त्यांचा आकडा साधारण १५० ते २०० भरतो. वाळूतल्या क्वार्ट्झचा हजाराच्या आसपास, आणि घड्याळावरच्या सफायर काचेचा दोन हजारांच्या घरात. म्हणजे शर्टाच्या बाहीने स्टीलला काही होत नाही, बाहीवर बसलेल्या धुळीतला एखादा कण मात्र सहज चरा पाडतो.

हा कण स्टीलवरून नांगराच्या फाळासारखा जातो. मधे तास पडतं आणि ढकललेली माती दोन्ही अंगांना चढते, तसाच धातूही दोन्ही बाजूंना बांधासारखा उचलला जातो. प्रकाश या तिरप्या उतारांवरून भलतीकडे उसळतो, म्हणून मायक्रॉनभर खोलीचा चराही डोळ्यांना खुपतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे आपण किती लहान गोष्टीने हैराण होतो ते बघा. कापडाने हलकं घासल्यावर बारीक चरे फिके पडतात ते मुख्यतः हे बांध खाली बसल्यामुळे. तास तिथेच असतं.

आणि खोल तास? ते झिलईने भरतं असं आपण समजतो. यात आपली चूक नाही, शास्त्रज्ञांचंही यावर बरीच वर्षं एकमत नव्हतं. न्यूटनचं म्हणणं होतं की घासणारी पूड मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी लहान ओरखडे पाडते, आणि ते दिसेनासे झाले की त्याला आपण झिलई म्हणतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज बेल्बी यांनी वेगळा विचार मांडला. घासताना पृष्ठभागाचा पातळ थर द्रवासारखा वाहतो आणि खड्ड्यांवर साय धरतो, असं ते म्हणत. १९३७ मध्ये केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी घासताना पृष्ठभाग क्षणभर वितळतो असं सांगून त्याला आधार दिला. ही कल्पना पुस्तकांत बराच काळ टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाचे धातुशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅम्युअल्स यांनी मात्र दाखवून दिलं की झिलईतही प्रत्येक कण सूक्ष्म रंध्यासारखा धातूचा कीस काढत असतो. धातूबाबत न्यूटनचा अंदाज बराचसा खरा ठरला. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरचे उंचवटे त्याहून बरेच लहान झाले की प्रकाश एकाच दिशेने परततो आणि आपल्याला आरसा दिसतो.

आता हिशोब करा. ओरखडा २० मायक्रॉन खोल असेल तर तो घालवायला आजूबाजूचं सगळं मैदान २० मायक्रॉनने खाली न्यावं लागतं. शिवाय मैदान सारखं खाली जात नाही. बफ, म्हणजे झिलईची फिरती कापडी चकती, मऊ असतो, तो कडेवर वाकतो. कडेचं क्षेत्रफळ इवलंसं, त्यामुळे दाब तिथेच एकवटतो आणि सपाट भागाआधी कड जाते. मामांच्या घड्याळाचं हेच झालं. १९७२ च्या ऑडेमार पिगे रॉयल ओकसारख्या घड्याळात रेघांचा मंद पृष्ठभाग आणि शेजारची लखलखीत तिरपी पट्टी यांच्या मधली सरळ रेषा, हेच सगळं सौंदर्य. ग्रँड सेको हे जपानी घड्याळ ज्या 'झारात्सू' झिलईसाठी नावाजलेलं आहे, त्यात कारागीर केस फिरत्या चकतीच्या सपाट तोंडावर हाताने धरतो, म्हणून पृष्ठभाग सपाट राहतो आणि कड शाबूत. हे नाव साल्लाझ या परदेशी यंत्रनावाचा जपानी उच्चार. असा हात बसायला वर्षं जातात. घरात मिनिटाला हजारो फेरे घेणारं छोटं मशीन घेऊन ते जमेल, ही आशा कृपा करून सोडून द्या.

पण स्वच्छता घरी नक्की करा. ती झिलईपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

स्टील गंजत नाही, कारण त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून दोन-तीन नॅनोमीटरचं कवच तयार करतं. ओरखडा पडला तरी ते क्षणात पुन्हा धरतं. मात्र त्यासाठी ऑक्सिजन लागतो. मुंबईचा, कोकणाचा घाम आठवा: मीठ, लॅक्टिक आम्ल, त्वचेचं तेल, मेलेल्या पेशी. हा चिकट मळ मागच्या झाकणाच्या खाचेत आणि पट्ट्याच्या कड्यांमध्ये बसतो. त्याच्या खाली ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचत जातं, तिथलं पाणी आम्लधर्मी होतं आणि कवच पुन्हा धरू शकत नाही. मग वरून लखलखीत घड्याळाच्या आत, पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगच्या शेजारी, खड्डे पडायला लागतात. पाणी आत शिरायला तेवढं पुरतं. मॉलिब्डेनम याच हल्ल्याला तोंड देण्यासाठी घातलेलं असतं, पण वर्षानुवर्षांच्या मळापुढे तेही थकतं.

धुण्याआधी चावी पूर्ण आत आहे ना, आणि फिरकीची असेल तर घट्ट बसली आहे ना, हे बघा. झाकणावर ३० मीटर लिहिलं म्हणजे ३० मीटर खोल नेता येईल असं नाही, तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो. अशा घड्याळाला, आणि रबरी रिंग कधी बदलली ते माहीत नसलेल्या कुठल्याही जुन्या घड्याळाला, नळाखाली धरू नका. ओल्या मऊ ब्रशने आणि ओल्या कापडाने काम भागतं. चामडी पट्टा आधी काढून ठेवा. पाणी कोमट, गरम नको. सौम्य द्रव साबणाचा थेंब पुरतो. सोनारांच्या हाताखालचं रिठ्याचं पाणीही चालेल, त्यातलं सॅपोनिन साबणासारखंच तेलाला पाण्यात ओढतं, फक्त ते नीट गाळलेलं हवं. आणि क्रम महत्त्वाचा: आधी ओलं, मग पुसणं. कोरडं धुळकट घड्याळ कापडाने पुसणं म्हणजे त्याच क्वार्ट्झने ते घासणं. मालवणला समुद्रात उतरलात तर घरी येईपर्यंत थांबू नका, लगेच गोड्या पाण्याने धुवा. स्टीलचा पट्टा केसपासून सुटा करता येत असेल तर तो एकटा हवा तसा घासा, त्यात यंत्र नाही.

एवढं केल्यावर ओरखडे म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच रेषा मळाच्याच होत्या, हे लक्षात येतं.

तरीही हात शिवशिवत असतील तर आधी धातू ओळखा. जुन्या स्वस्त घड्याळांची केस बऱ्याचदा क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेची असते, त्यावर पॉलिश लावलं की पिवळा डाग वर येतो. सोन्याचा मुलामा जुन्या घड्याळांत २० मायक्रॉनपर्यंत असायचा, आताचा पुष्कळदा एका मायक्रॉनहूनही पातळ. काळ्या लेपाच्या केसला तर हातही लावू नका. देवघरातल्या तांब्या-पितळेवर चालणारी चिंच स्टीलवर निरुपयोगी आहे. तिचं आम्ल तांब्याचा काळा थर विरघळवतं, आणि ओरखडा हा थर नाही. टूथपेस्टमधला खडू स्टीलपेक्षा मऊ असतो, त्याने स्टीलचा ओरखडा जात नाही. प्लास्टिकची काच असलेल्या जुन्या घड्याळांवर मात्र तो बारीक चरे खरोखर घालवतो.

आरशासारख्या स्टीलच्या भागावर पॉलिशचं कापड दोन-चार वेळा हलकेच फिरवायला हरकत नाही. रेघांच्या मंद पृष्ठभागावर तेच कापड टकलासारखा चकचकीत ठिपका पाडतं. हिरव्या पॉलिशवडीतली पूड क्रोमियम ऑक्साइडची असते, म्हणजे स्टीलच्या कवचाच्याच जातीची. आपलं कवच ज्याचं, त्याच द्रव्याने स्टील कापलं जातं, हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

मामांच्या घड्याळाची कड आता नाही. दुकानात पट्टा दिला नव्हता, त्यामुळे त्याच्या कुलपावरचा एक खोल ओरखडा वाचला. मस्कतच्या बंदरावर लोखंडी शिडीला घासून पडलेला, असं मामी सांगते. रविवारी मी त्यावरून साबणाचा ब्रश फिरवतो, स्वच्छ पाणी सोडतो, आणि चष्म्याच्या कापडाने टिपून पुन्हा मनगटावर चढवतो.