हो, नाही आणि रिकामं: एका चेकबॉक्समागचा इतिहास

डेटाबेसमधल्या ग्राहकांच्या टेबलात ‘करमुक्त’ हा हो-नाही रकाना आहे असं धरा. हजार नोंदींपैकी 600 ‘हो’, 250 ‘नाही’ आणि 150 रिकाम्या, म्हणजे नल. ‘करमुक्त = फॉल्स’ शोधलं की 250 मिळतात. ‘करमुक्त <> ट्रू’ (म्हणजे ट्रू नसलेल्या) लिहून पाहिलं तरी 250च. उरलेले 150 दोन्हीकडून गायब, आणि एरर कुठेच नाही.

याचं मूळ संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांच्या 1979 च्या शोधनिबंधात आहे. डेटा टेबलांत मांडणारं रिलेशनल मॉडेल त्यांनी 1970 मध्येच मांडलं होतं. नलसाठी खरं, खोटं आणि अज्ञात असं तीन मूल्यांचं तर्कशास्त्र या निबंधात आलं. नलशी केलेली तुलना ‘अज्ञात’ ठरते आणि अज्ञाताचा नकारही अज्ञातच. एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेने, हे उचललं, पण त्यात एक मेख आहे: वेअर (ओळी निवडायची अट) फक्त ‘खरं’ ठरलेल्या ओळी घेतं, तर चेक (ओळ साठवताना तपासायची अट) फक्त ‘खोटं’ ठरलेल्या ओळी अडवतं.

ओरॅकल या डेटाबेसच्या जुन्या टेबलांत ही मेख हमखास सापडते. बूलियन (हो-नाही) प्रकार 1999 च्या एसक्यूएल मानकात आला, ओरॅकलच्या एसक्यूएलमध्ये मात्र थेट 2023 साली. तोवर एका अक्षराचा रकाना आणि त्यावर ‘वाय किंवा एन’ असा चेक ही रीत. नॉट नल (रिकामं चालणार नाही) वेगळं लिहिलं नसेल तर हा चेक नलला बिनबोभाट आत सोडतो. त्यातून ओरॅकल रिकामी स्ट्रिंगही नलच मानतं. अ‍ॅक्सेसमध्ये उलटी तऱ्हा: तिथल्या यस/नो रकान्यात नल ठेवताच येत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बूलियन होतं, पण 10व्या आवृत्तीपर्यंत डिफॉल्टसह (आपोआप भरल्या जाणाऱ्या मूल्यासह) नवा रकाना जोडला की अख्खं टेबल लॉक होऊन नव्याने लिहिलं जाई. म्हणून चालू सिस्टिमवर डिफॉल्टशिवायच रकाना जोडायचे, आणि जुन्या ओळी नल राहायच्या. 2018 च्या 11व्या आवृत्तीने स्थिर डिफॉल्टपुरती ही अडचण संपवली.

ओडू या व्यवसाय सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने वाट वेगळी काढली. बूलियनवर ‘= फॉल्स’ शोधलं की त्याचं ओआरएम (कोडमधून एसक्यूएल तयार करणारा थर) ‘फॉल्स किंवा नल’ अशी अट तयार करतं. स्क्रीनवर दोन्ही चेकबॉक्स कोरेच दिसतात, तेव्हा ते योग्यच. पण थेट एसक्यूएलवर बेतलेला रिपोर्ट 250 दाखवतो, स्क्रीन 400, आणि हिशेब जुळत नाही म्हणून ओरड सुरू होते.

1992 च्या मानकातलं ‘इज नॉट ट्रू’ पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये सरळ चालतं, 400 मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या बिट (0 किंवा 1 ठेवणाऱ्या) रकान्याला ते लागू नाही. तिथे ‘= 0 ऑर इज नल’ लिहावं, आणि कंसात लिहावं; नाहीतर शेजारची अँड अट आधी बांधली जाते. कोअ‍ॅलेस (नलच्या जागी दुसरं मूल्य देणारं फंक्शन) वापरलं तर रकान्यावरचा साधा इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) कामी येत नाही.

कायमची दुरुस्ती करताना आधी डिफॉल्ट, मग जुन्या ओळी अपडेट, शेवटी नॉट नल. क्रम चुकला तर अपडेट चालू असताना नवे नल येतच राहतात. मात्र त्या 150 ग्राहकांना कुणी विचारलंच नसेल, तर फॉल्स भरू नका. ‘विचारलेलं नाही’ ही तिसरी स्थिती असलेला रकाना करा.