अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान : कोणता कागद, किती मुदतीचा, कुणाच्या नावावर

आमच्या सेस्ना १७२ या चार आसनी विमानात पायलटच्या डाव्या गुडघ्याजवळ एक प्लास्टिकचं पाकीट स्क्रूनं बसवलेलं आहे. त्यात दोन कागद आहेत. एक पिवळा पडलेला, टाइपरायटरवर नंबर उमटवलेला, विमान कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हाचा. हे एअरवर्दिनेस सर्टिफिकेट, म्हणजे उड्डाणयोग्यतेचा दाखला. दुसरा त्यामानानं कोरा करकरीत, म्हणजे नोंदणीचा. नोंदणीवर मुदतीची तारीख ठळक छापलेली आहे. पिवळ्या कागदावर मुदत संपण्याची तारीखच नाही.

नवा मालक इथेच फसतो. तारीख नाही म्हणजे दाखला कायमचा, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात विमानाची देखभाल नियमाप्रमाणे झालेली असेल आणि तशी नोंद लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत असेल, तोवरच तो दाखला चालू असतो. वार्षिक तपासणीची मुदत काल संपली असेल, तर आज तो कागद पाकिटात असून नसल्यासारखा. आणि ही मुदत संपली हे तुम्हाला कुणी कळवत नाही. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा, म्हणजे एफएए, फक्त नोंदणीच्या नूतनीकरणाची सूचना पाठवते. बाकी सगळ्या तारखा मालकानं स्वतः सांभाळायच्या. विमान उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी मालकाची किंवा चालवणाऱ्याची, असं नियमातच म्हटलं आहे. मेकॅनिकचं नाव त्यानंतर येतं.

माझ्या ओळखीतले तीन-चार मराठी मित्र गेल्या काही वर्षांत लायसन्स काढून आता विमान घेण्याच्या विचारात आहेत. त्यांच्या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं देण्यापेक्षा सगळं एकदाच सविस्तर लिहितो.

विमान तुमच्या नावावर होऊ शकतं का?

आपल्या लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर पुष्कळांना निराश करतं. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायचं असेल, तर तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असायला हवं. एच-वन-बी व्हिसावर घर घेता येतं, गाडी घेता येते, विमान चालवायलाही शिकता येतं, पण विमानाच्या नोंदणीवर तुमचं नाव लागत नाही. पगार किती किंवा तुम्ही इथे किती वर्षं आहात, याचा इथे काही संबंध नाही.

भागीदारीत तर आणखी जपून. दोघा-तिघांनी सहमालक म्हणून अर्ज केला, तर त्यातला प्रत्येक जण पात्र असावा लागतो. कायद्यानं रीतसर भागीदारी संस्था केली असेल, तर सगळे भागीदार नागरिक लागतात, ग्रीन कार्डही चालत नाही. म्हणून चार मित्र मिळून विमान घेताना पैशाची बोलणी करण्याआधी कुणाचा दर्जा काय हे विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण बयाणा दिल्यावर कळण्यापेक्षा बरं.

अपात्र माणसाला दोन मार्ग उरतात. एक म्हणजे ट्रस्ट, ज्यात पात्र विश्वस्ताच्या नावावर विमान राहतं. दुसरा म्हणजे अमेरिकेत स्थापन केलेली कंपनी. तिचे मालक परदेशी असले, तरी विमान अमेरिकेतच ठेवून मुख्यतः इथेच वापरलं, म्हणजे किमान ६० टक्के उड्डाणाचे तास इथे झाले आणि त्याच्या नोंदी ठेवल्या, तर नोंदणी मिळू शकते. दोन्हींना विमान-कायद्याचा वकील लागतो आणि दरवर्षीचा खर्च येतो. हौसेखातर महिन्याला चार-पाच तास उडणाऱ्यानं या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रीन कार्ड येईपर्यंत फ्लाइंग क्लबचं सभासदत्व घ्या. विमान क्लबच्या नावावर राहतं आणि तुम्ही तासाप्रमाणे पैसे भरून उडता.

प्रशिक्षणाबद्दलही एक गोष्ट सांगतो. नागरिक नसलेल्या प्रत्येकाला, ग्रीन कार्डधारकालाही, पहिल्या लायसन्सच्या प्रशिक्षणाआधी वाहतूक सुरक्षा खात्याची, म्हणजे टीएसएची परवानगी घ्यावी लागते. पुढे इन्स्ट्रुमेंट (ढगांतून फक्त उपकरणांवर उडणं) आणि मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) यांचं रेटिंग, म्हणजे जादा परवानगी, घेण्याच्या वेळीही तसंच.

नोंदणीचा अर्ज

कागद मोजकेच : एसी ८०५०-१ हा अर्ज, एसी ८०५०-२ हे विक्रीखत आणि पाच डॉलर शुल्क. हो, पाचच डॉलर. ग्रीन कार्डधारकानं अर्जात आपला एलियन रजिस्ट्रेशन नंबर द्यायचा. सगळं ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या रजिस्ट्रीकडे, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडे जातं, टपालानं किंवा केअर्स या ऑनलाइन यंत्रणेतून.

कागद थोडे असले तरी अर्ज परत येण्याचं प्रमाण कमी नाही, आणि आपल्या बाबतीत त्याचं ठरलेलं कारण म्हणजे नाव. विक्रीखतावर ‘प्रसाद कुलकर्णी’, अर्जावर वडिलांच्या नावासह तिन्ही नावं, आणि ग्रीन कार्डवर मधलं नाव पहिल्या नावालाच जोडलेलं, असं आपल्याकडे सर्रास असतं. विक्रीखतातला खरेदीदार आणि अर्जदार अक्षरशः एकच दिसले पाहिजेत. विकणाऱ्याला नाव तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. कंपनीच्या वतीनं सही असेल, तर सहीखाली नावाबरोबर हुद्दाही लिहायचा. ती एक जागा रिकामी राहिली म्हणूनही अर्ज परत येतो.

खरेदीआधी त्याच रजिस्ट्रीतून विमानाची पूर्ण फाइल मागवा. विमानावर कुणाचं कर्ज आहे का, मधल्या एखाद्या विक्रीची नोंद राहून गेली आहे का, मोठी दुरुस्ती कधी झाली, हे सगळं त्यात सापडतं. मोठ्या दुरुस्तीचा ३३७ क्रमांकाचा फॉर्म तिथे जमा होत असल्यानं, विकणाऱ्यानं न सांगितलेला जुना अपघातही कधीकधी त्यातून बाहेर येतो.

अर्ज पाठवल्यावर नवं प्रमाणपत्र येईपर्यंत अर्जाची दुसरी प्रत विमानात ठेवून उडता येतं. ही सवलत देशाच्या आतच आहे. त्या प्रतीवर कॅनडा किंवा मेक्सिकोला जाता येत नाही.

नूतनीकरण

२३ जानेवारी २०२३ पासून नोंदणीची मुदत तीनऐवजी सात वर्षांची झाली. ज्या महिन्यात प्रमाणपत्र मिळालं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून सात वर्षं धरायची. मुदतीआधी सहा महिने सूचना येते, तेव्हापासून नूतनीकरण करता येतं. शुल्क तेच पाच डॉलर. मुदत टळली, तर नूतनीकरण होईपर्यंत विमान जमिनीवर. अर्ज केलाय म्हणून उडतो, असं इथे चालत नाही.

ही सूचना नोंदणीवरच्या पत्त्यावर येते. घर बदललं तर ३० दिवसांत रजिस्ट्रीला कळवा, आणि पायलट म्हणून तुमचा पत्ताही वेगळा कळवा, कारण त्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. नोंदणी सार्वजनिक असल्यामुळे सरकारी वाटणाऱ्या मजकुराची खाजगी पत्रंही घरी येतात आणि नूतनीकरणासाठी भलतीच रक्कम मागतात. पाच डॉलरपेक्षा जास्त मागणारं पत्र एफएएचं नसतं.

ॲन्युअल आणि बाकीच्या तारखा

खरा खर्च आणि खरी काळजी इथे आहे. दर १२ महिन्यांनी पूर्ण विमानाची तपासणी होते, तिलाच ॲन्युअल म्हणतात. ती साधा मेकॅनिक प्रमाणित करू शकत नाही. त्याच्याकडे आयए, म्हणजे तपासणीचा अधिकार, लागतो. इथे महिना मोजण्याची पद्धत मालकाच्या सोयीची आहे. ३ मार्च २०२५ ला ॲन्युअल झालं, तर ते ३१ मार्च २०२६ पर्यंत चालतं. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला तपासणी करून घेतली, तर जवळपास तेरा महिने मिळतात.

पहिल्या ॲन्युअलला मी दोन दिवस हँगरमध्ये बसून होतो, आणि प्रत्येक मालकानं निदान एकदा तरी बसावं. सीट काढून बाहेर, केबिनच्या तळाची झाकणं उघडी, पंखांतल्या केबल्स आरशानं बघितलेल्या. मेकॅनिकनं ऑइल फिल्टर कापला, आतली कागदाची घडी सुरीनं सोडवली, पिळली आणि उन्हात धरून धातूचे कण शोधले. मग एकेका सिलिंडरमध्ये ८० पौंडांच्या दाबानं हवा सोडून किती टिकते ते पाहिलं : ७६, ७४, ७७ आणि चौथ्यात ६८. तो चौथा आकडा त्यानं वहीत लिहिला तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी तो ६४ झाला आणि त्याच सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं काम निघालं. आदल्या वर्षीचा आकडा लिहिलेला नसता, तर ६४ हा नुसता आकडाच राहिला असता. तेव्हापासून मी लॉगबुक वाचायला शिकलो.

याच वेळी एडी, म्हणजे एफएएनं काढलेले सक्तीचे सुरक्षा आदेश पाहिले जातात. सेस्नाच्या बहुतेक मालकांना सीटच्या रुळांचा आदेश माहीत असतो. रुळाची भोकं झिजली, तर ऐन टेक-ऑफला सीट मागे सरकते, पायलटचा हात स्टिअरिंगसकट मागे ओढला जातो आणि विमानाचं नाक वर उठतं. म्हणून ती भोकं मोजून तपासायची. एडी पाळल्याची नोंद नसेल, तर ॲन्युअल झालेलं असूनही विमान उडण्यायोग्य ठरत नाही.

ईएलटी, म्हणजे अपघातात आपोआप संदेश देणारं यंत्र, दर १२ महिन्यांनी तपासायचं. त्याची बॅटरी एकूण एक तास वापरली गेली किंवा तिचं निम्मं आयुष्य संपलं, की बदलायची. बदलण्याची तारीख यंत्रावरच लिहिलेली असते, आणि ते बसवलेलं असतं शेपटाकडे, जिथे मालक वर्षभर डोकावत नाही. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र, त्याची तपासणी दर २४ महिन्यांनी. ढगांतून इन्स्ट्रुमेंटवर उडत असाल, तर उंचीमापकाची आणि त्याला बाहेरच्या हवेचा दाब पोहोचवणाऱ्या स्टॅटिक यंत्रणेचीही दर २४ महिन्यांनी. या गोष्टी ॲन्युअलमध्ये आपोआप होतात असं धरून चालू नका. ट्रान्सपॉन्डरची तपासणी पुष्कळदा वेगळ्या एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुकानात होते.

ॲन्युअल चुकलंच आणि विमान दुसऱ्या विमानतळावर अडकलं, तर दुरुस्तीच्या जागी नेण्यापुरता विशेष परवाना मिळतो. त्यावर प्रवासी नेता येत नाहीत.

विमा काढणं केंद्रीय कायद्यानं सक्तीचं नाही, पण कर्ज देणारी बँक आणि बहुतेक विमानतळ मागतातच. आणि पॉलिसी नीट वाचा, कारण ॲन्युअल किंवा मेडिकलची, म्हणजे पायलटच्या वैद्यकीय दाखल्याची तारीख उलटून गेलेली असली, तर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येऊ शकतो.

तुमचे स्वतःचे कागद

प्रायव्हेट पायलटचं लायसन्स कधी संपत नाही. दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू लागतो, किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. प्रवासी न्यायचे, तर मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. इतकं सरळ आहे.

मेडिकल मात्र सरळ नाही. तिसऱ्या वर्गाचं मेडिकल चाळिशीच्या आत ६० महिने चालतं, चाळिशीनंतर २४ महिने. मेडएक्सप्रेस या एफएएच्या ऑनलाइन यंत्रणेवर अर्ज भरायचा आणि एफएएनं नेमलेल्या डॉक्टरकडे जायचं. त्यात सगळी औषधं आणि मागच्या तीन वर्षांतल्या डॉक्टरांच्या भेटी विचारतात. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब घराघरांत आहे, म्हणून कळकळीनं सांगतो : गोळी चालू असेल तर लपवू नका, पण तयारीशिवायही जाऊ नका. आधी त्याच डॉक्टरशी नुसता सल्ला म्हणून बोला, कोणते रिपोर्ट लागतील ते विचारून गोळा करा आणि मगच अर्ज पुढे न्या. कारण तपासणी होऊन अर्ज नाकारला गेला, तर पुढचे सोपे दरवाजेही बंद होतात.

त्या दरवाजांपैकी पहिला म्हणजे मे २०१७ पासून असलेलं बेसिकमेड. १४ जुलै २००६ नंतर कधीतरी एफएएचं मेडिकल मिळालेलं असेल, तर पुढे नेहमीच्या डॉक्टरकडून दर ४८ महिन्यांनी तपासणी आणि दर २४ महिन्यांनी ऑनलाइन कोर्स, एवढ्यावर भागतं. त्यासाठी अमेरिकेतलं चालू ड्रायव्हिंग लायसन्स लागतं. व्हिसावर असलेल्यांनी इथे लक्ष ठेवायला हवं. अनेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत व्हिसाच्या कागदांना बांधलेली असते. एक्स्टेन्शन अडकलं, लायसन्स संपलं, की त्या दिवसापासून बेसिकमेडवर विमानही चालवता येत नाही.

दुसरा दरवाजा स्पोर्ट पायलटचा, म्हणजे छोट्या विमानांपुरत्या, सोप्या अटींच्या परवान्याचा. एफएएच्या २०२५ च्या मोझेक नावाच्या नियमांनी तो रुंद केला. २२ ऑक्टोबर २०२५ पासून १७२ सारखं चार आसनी विमानही ड्रायव्हिंग लायसन्सच्या आधारे, दिवसा आणि एकाच प्रवाशासह चालवता येतं. आई-वडील भारतातून आले असतील, तर दोघांना एकाच फेरीत नेता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

विकताना

विक्री झाल्यावर नोंदणी प्रमाणपत्राची मागची बाजू भरून ते २१ दिवसांत रजिस्ट्रीला परत पाठवायचं. ते राहून गेलं, तर कागदोपत्री मालक तुम्हीच राहता आणि नव्या मालकाच्या भानगडींची पत्रं तुमच्या घरी येतात. पिवळा दाखला मात्र काढायचा नाही. तो विमानाचा आहे आणि विमानाबरोबर जातो.

लॉगबुकंही तशीच द्यायची, एअरफ्रेमचं (विमानाच्या सांगाड्याचं), इंजिनचं आणि प्रोपेलरचं. आमच्या विमानाचं १९८० च्या दशकातलं एक लॉगबुक आधीच्या मालकांपैकी कुणाच्या तरी हातून हरवलं होतं. इंजिन उत्तम, रंग नवा, तरी त्या एका वहीपायी विमान आम्हाला कमी किमतीत मिळालं, आणि उद्या आम्ही विकू तेव्हा आम्हालाही कमीच येईल. म्हणून मी प्रत्येक नोंद झाली की पानाचा फोटो काढतो, महिन्याअखेर स्कॅन करून ठेवतो आणि मूळ वह्या विमानात न ठेवता घरी लोखंडी पेटीत ठेवतो. मेकॅनिककडे दिल्या, तर तीन वह्या दिल्या असं लिहून घेतो आणि मोजून परत आणतो.