प्रसारकांचे संगीत-अर्थसाहाय्य दायित्व

व्यावसायिक रेडिओ केंद्राने उत्पन्नाचा ठरावीक वाटा स्वदेशी संगीतासाठी द्यावा, असे परवान्यातून घातलेले बंधन. याचा ठळक नमुना कॅनडात दिसतो. तेथील २००६ च्या रेडिओ धोरणाने वर्षाला १२.५ लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न असलेल्या केंद्रांवर १,००० डॉलर आणि त्या मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या ०.५% इतका भार टाकला. यातला मोठा भाग ‘फॅक्टर’ किंवा ‘म्युझिकॅक्शन’ या निधींकडे जातो. प्रसारण-वर्ष ३१ ऑगस्टला संपले की हिशेबासोबत रक्कम पोचल्याचे पुरावे द्यावे लागतात. बाकी राहिली तर ती भरावी लागतेच, शिवाय परवान्याचे नूतनीकरण कमी मुदतीचे होऊ शकते. खरा धाक या मुदतीचाच.

भारतात असे बंधन नाही. खासगी एफएम केंद्रे सरकारला वार्षिक शुल्क देतात, पण ते तिजोरीत जमा होते. संगीताच्या वाट्याला येते ती रॉयल्टी. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने ती रेडिओसाठी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २% ठरवली होती. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-ड नुसार केंद्राने नोंदी ठेवायच्या, हक्कधारकाने त्या तपासायच्या. म्हणजे वसुलीचा पाठपुरावा ज्याचे पैसे अडकले त्यानेच करायचा. पदरी वकील असलेल्या कंपनीला हे जमते, एकट्यादुकट्या कवीला नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ही उणीव विशेष जाणवते. धारवाड, सांगली, कोल्हापूर ही आकाशवाणी केंद्रे इथल्या श्रोत्यांच्या परिचयाची. पण इथले बरेचसे गाणे वारकरी भजनी मंडळांचे आणि गोकाककडच्या ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कन्नड लोकनाट्याचे. जुन्या अभंगांच्या शब्दांवर आज कोणाचा कॉपीराइट नाही, तेव्हा त्यांची रॉयल्टीही नाही. गायकाला सादरकर्ता म्हणून हक्क आहेत. मात्र ध्वनिमुद्रण बाजारात नसेल तर ते कागदावरच राहतात. अशा मंडळाला रेडिओकडून मिळालाच तर आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला. मराठी भजन असो की कन्नड पद, हिशेब सारखाच. कॅनडासारखा निधी असता तर कॉपीराइट नसलेल्या गाण्यालाही नव्या ध्वनिमुद्रणासाठी मदत मागता आली असती.

सामुदायिक रेडिओला निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून करावे लागतात, पण ती अट आशयाची आहे. आर्थिक दायित्व आणायचे तर ते केंद्र सरकारच्याच हाती आहे: प्रसारण हा संघसूचीतील विषय (नोंद ३१) असल्याने सीमाभाग कोणाचा, हा वाद कसाही सुटला तरी बंगळूर किंवा मुंबईला रेडिओच्या परवान्यात अशी अट घालता येणार नाही.